दारापर्यंत आलं का?

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. बहिणीपाशी नाही, भाचीपाशी नाही. देवापुढं हात जोडले तरी तेवढ्याला वळसा घालून जाते — गुडघे बरे राहू देत म्हणते, सगळ्यांचं चांगलं कर म्हणते, आणि उठते. तुमचं नाव-गाव मला माहीत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतं. बघू.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेरला राहते. घरी बसून साड्यांना फॉल लावते, पिको करते. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. हे आधी सांगते ते तुम्हाला दया यावी म्हणून नाही. पुढं जे केलं ते कसल्या घरात बसून केलं, एवढं कळावं.

माझ्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, जुबेदाआपा राहायच्या. त्या मॅट्रिक झालेल्या, पूर्वी अंगणवाडीत शिकवायच्या. नवरा गेल्यावर माहेरच्याच या घरात आईजवळ येऊन राहिल्या होत्या. मी इथं राहायला आले तेव्हा आई जाऊन काळ लोटला होता. मुलगा पुण्याला. म्हणजे त्या एकट्या, मी एकटी, मध्ये एक भिंत — तरी आम्ही एकमेकींकडं फारशा बसत नव्हतो. दोष माझाच. मी बोलायला लाजते. कुणाच्या दारात जायचं तर काय निमित्त सांगायचं ते आधी घरात घोकते. निमित्त सापडलं नाही की जातच नाही. भिंतीपलीकडं आपांनी कपबशी ठेवल्याचा आवाज यायचा, आणि मी तो ऐकत सुईत दोरा ओवायची. असे किती महिने गेले असतील?

मग निमित्त आपल्या पायानं घरात आलं.

माझ्या बहिणीची मुलगी पल्लवी धाराशिवला कॉलेजात आहे. चित्रं काढते, कागदावर कमी आणि टॅबवर जास्त. तिला मोबाईलवर एक चित्रकथा करायची होती. दर शुक्रवारी एक भाग. अंगठ्यानं खाली खाली सरकवत वाचायचा. वेबकॉमिक म्हणतात, असं तिनं मला सांगितलं. चित्रं तिच्याकडं होती, गोष्ट नव्हती. ती हे मला सांगत होती तेव्हा आपा शेजारच्या गच्चीवर कुरडया उलटत होत्या, त्यांच्या कानावर पडलं. त्या खाली गेल्या आणि फुलस्केप कागदांची एक घडी घेऊन आमच्या दारात आल्या.

"ही वाच गं पोरी. मी लिवलीय. न्हाई आवडली तर परत दे, मला काय राग यायचा न्हाई."

गोष्ट दोन बहिणींची होती. तेरणेच्या काठचं गाव. आई गुलगुले तळते, धाकटी चोरून खाते, मार थोरली खाते. धाकटीचं लग्न लांब होतं. पुढं आई अंथरुणाला खिळते, धाकटीला निरोप जातो, पण सासरचे तिला सोडत नाहीत. आई जाते. थोरली रागाच्या भरात आई गेल्याचं तिला कळवतच नाही. धाकटीला दुसरीकडून कळतं आणि ती येते — माती देऊन झाल्यावर. दारात थोरली उभी असते. दोघी एकमेकींकडं बघतात. मग थोरली दारातून बाजूला सरकते आणि म्हणते, आत ये. एवढ्यावर गोष्ट संपते.

पल्लवीला ती फार आवडली. मलाही. पण दोन दिवसांनी आपांनी मला हाक मारून आत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "सुमन, मी सरकले नव्हते."

मला आधी समजलंच नाही.

"दारातून. गोष्टीत सरकते ती. मी न्हाई सरकले. 'आता कुणाला बघायला आलीस?' म्हणाले आन दार लावून घेतलं. लई वेळ भायेर उभी होती ती. दाराखालच्या फटीतनं मला तिच्या चपला दिसत होत्या. मग दिसंनाशा झाल्या."

धाकटीचं नाव मुमताज. दिली होती हुमनाबादला. त्या दिवसानंतर तिनं तोंड दाखवलं नाही. पत्ता बदलला, नंबर कुणाकडंच नाही, कुठल्याच नातेवाइकाशी बोलणं नाही. "पण मोबाईल तर सगळ्यांच्याच हातात असतोय म्हणं," आपा म्हणाल्या. "तेरच्या जुन्या फोटोंचं पान हाय ना, भायेर गेलेले समदे बघतेत ते. तिथं टाकू दे पल्लवीला. कवातरी दिसंल. दारापर्यंत वाचलं की तिला कळंल मला काय म्हणायचंय. आन हे पोरीला सांगू नको हां. कुणालाच न्हाई. मला लाज वाटती."

मी मान हलवली. म्हणजे बघा, ती गोष्ट सगळ्यांसाठी नव्हती. एका बाईसाठी होती. आणि ते या गावात दोघींनाच माहीत होतं — आपांना आणि मला.

पल्लवीनं पहिला भाग काढला तेव्हा तिनं आपांचं पहिलं पान जसंच्या तसं घेतलं. गाव, नदी, आई, दोन बहिणी, गुलगुले, मार — सगळं एका शुक्रवारी. चित्रावर चित्र, वर अक्षरांची गर्दी. कुणी फारसं बघितलं नाही. ती हिरमुसून माझ्याकडं आली आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. "मावशी, तूच सांग. कुठं बिघडलं?"

मला काय कळतंय, म्हणाले. पण कळत होतं. मी लहान असताना आई खुरपायला जायची, मी तिच्यामागं. बायका ओळीनं बसत, प्रत्येकीपुढं एकेक पात — खुरपायची सरी. आई खुरपता खुरपता गोष्ट सांगायची. तिची गोष्ट पात संपायच्या जरा आधी अशा जागी यायची की पुढं काय झालं ते ऐकायला बायका आपसूक दुसरी पात धरायच्या. आणि तिला कुठं भरभर जायचं, कुठं रेंगाळायचं, तेही कळायचं. ती कधी घाई करायची नाही. मला तिच्यासारखं चारचौघींत बोलता आलं नाही कधी, पण ते थांबणं माझ्या अंगात होतं.

"गुलगुले चोरले तिथंच थांबव," मी पल्लवीला म्हणाले. "मार पुढच्या शुक्रवारी."

तिनं तो भाग काढून टाकला आणि तसा नव्यानं केला. लोक वाचायला लागले.

मग पल्लवी दर रविवारी यायला लागली. सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं जायची. मी जुन्या कॅलेंडरची पानं कापून चौकोन करून ठेवायची. ती त्यांवर पेन्सिलीनं कच्ची चित्रं काढायची, आणि आम्ही ते चौकोन उंबऱ्यापासून आतल्या कोठीपर्यंत एकाखाली एक मांडायचो — मोबाईलवर जशी गोष्ट वरून खाली येते तशी. पंख्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर दोऱ्याचं एकेक रीळ. मग मी उंबऱ्यापासून अनवाणी चालत निघायची, चित्रं बघत. जिथं पाय आपोआप थांबेल तिथं चित्र बरोबर. जिथं पाय पुढं पळेल तिथं काहीतरी उगाच आहे, काढून टाक. पल्लवी हसायची. "मावशी, तुझ्या पायांना विचारून काढते मी."

लिहिलेली गोष्ट आणि चित्रांची गोष्ट यांचं चालणं वेगळं असतं, हे मला तेव्हा कळलं. आपांनी लिहिलं होतं, 'मग सहा वर्षं गेली.' लिहायला किती वेळ लागतो? पण चित्रात सहा वर्षं कशी जायची? पल्लवीनं कॅलेंडर काढलं. मला पटलं नाही. मी म्हणाले, धाकटीचा परकर काढ, तोच परकर, दर चित्रात जरा आखूड. आणि शेवटच्या परकरानंतर नुसतं रिकामं सोड. पांढरं. अंगठा सरकत राहील आणि काहीच येणार नाही. तिथं वाचणारा थांबेल.

आणि उलटंही व्हायचं. आई जाते त्या प्रसंगावर आपांनी दीड पान लिहिलं होतं. ते आम्ही पुढं एका चित्रात आणलं. उतरवून ठेवलेला चष्मा. बस.

शुक्रवारी दुपारी मी मोबाईल घेऊन आपांकडं जायची. पल्लवीनं तिचा जुना मोबाईल, तिच्या खात्यासकट, मला दिला होता. आपांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं चित्र मी सांगायची, शब्द वाचून दाखवायची, आणि खाली लोकांनी जे लिहिलेलं असेल तेही. आपा डोळे मिटून ऐकायच्या. झालं की एकच विचारायच्या.

"दारापर्यंत आलं का?"

"अजून नाही, आपा."

"बरं. चहा टाक."

रविवारी पल्लवी, शुक्रवारी आपा. मधले दिवस कसे जायचे ते मला आठवतसुद्धा नाही, इतके हलके गेले. शनिवारी मी बाजारातून दोघींपुरती भाजी आणायची. दोघींपुरती! भाजीवाली म्हणाली, पाहुणे हायत व्हय? मी हो म्हणाले, आणि ते म्हणताना मला काय झालं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

आता इथून पुढं सांगायला मला वेळ लागेल. बघा, मी इथंही तेच करते आहे — रेंगाळते आहे. जिथं जायचं नाही तिथं रेंगाळणं मला चांगलं जमतं.

एका रविवारी चौकोन मांडता मांडता पल्लवी सहज म्हणाली, "या चालीनं गेलं तर दिवाळीच्या आत संपेल बघ गोष्ट. मग मी मोकळी." तिला काही वाटलं नाही बोलताना. का वाटावं? मी वाकून रीळ ठेवत होते, तशीच वाकून राहिले जरा वेळ.

त्या दिवशी पुढचं वाक्य होतं, 'दोघी धुणं घेऊन नदीवर जायच्या.' एवढंच, एक ओळ. मी म्हणाले, ही ओळ एका भागाची आहे. आणि ते खरं होतं — नदीवरचा तो भाग फार छान झाला. पाण्यात दोघींचे पाय, वाहून जाणारा एक साबणाचा तुकडा, दोघींची धावपळ. लोकांनी भरभरून लिहिलं. पुढच्या रविवारी मी म्हणाले, अजून एक करू नदीवरचा.

पहिला भाग गोष्टीला हवा होता. दुसरा मला हवा होता. तिसराही.

पल्लवी चौकोनांकडं बघत म्हणाली, "मावशी, गोष्ट पुढं जाईना गं. लोक लिहायलेत, किती दिवस नदीच दाखवणार म्हणून."

मी म्हणाले, "आपांनाच असं हवंय. त्यांच्या लहानपणचं आहे ना."

आणि शुक्रवारी आपांनी विचारलं, दारापर्यंत आलं का, तर म्हणाले, "पल्लवीला परीक्षा आहे, आपा. चित्रांना वेळ लागतो. लिहिण्यासारखं नसतं ते."

दोघींना दोन खोटी. एकीकडचं दुसरीकडं जाण्याची भीती नव्हती. आपांना पोरीशी थेट बोलायला संकोच वाटायचा, आणि पोरगी म्हाताऱ्या बाईला कशाला त्रास म्हणून गप्प. दोघी माझ्याच तोंडून एकमेकींशी बोलायच्या. मी, जिला कधी तोंड उघडता आलं नाही.

एवढंच असतं तरी मी हे लिहायला बसले नसते. चार आठवडे पुढं-मागं, कुणाचं काय गेलं — अशी मी मनाची समजूत काढली असती. पण अजून आहे.

पल्लवीनं चित्रात घराच्या दारासमोर लिंब काढला होता. का, तर आपांच्या दारात लिंब आहे, तिनं तो बघितलेला. एका शुक्रवारी, आपांकडं जाण्याआधी, मी घरी बसून खालचं लोकांचं लिहिलेलं वाचत होते. एक ओळ दिसली. लिहिणाऱ्याचं नाव कुठल्यातरी पोराचं, फोटो मोटारसायकलचा. पण लिहिलं होतं —

'दारात लिंब नव्हता. शेवगा होता. शेंगा काढताना अम्मी पडली होती त्यावरून. पुढचं लवकर येऊ द्या.'

मी ती ओळ परत परत वाचली. मग मोबाईल पालथा घालून ठेवला. मग आपांकडं गेले.

भाग वाचून दाखवला. लोकांचं लिहिलेलं वाचून दाखवलं — ती एक ओळ सोडून. चहा टाकला. आणि चहा गाळता गाळता, पाठमोरीच, विचारलं, "आपा, पूर्वी तुमच्या दारात कसलं झाड होतं?"

"शेवगा होता गं. लई जुना. वाऱ्यात मोडला. का?"

"चित्रात काढायचंय म्हणून."

"अम्मी पडली होती त्यावरनं एकदा," आपा म्हणाल्या आणि हसल्या. "मुमताज रडायच्या ऐवजी शेंगा गोळा करीत बसली. लई मार खाल्ला तिनं त्या दिवशी."

माझ्या हातात गाळणी होती. मी तेव्हा वळून सांगू शकत होते. तिनं लिहिलंय, आपा. ती वाचतेय. चार शब्द. सांगितले असते तर काय झालं असतं? आपांनी हात जोडून पल्लवीला फोन लावायला लावला असता, याच रविवारी दार काढ म्हणाल्या असत्या. किंवा गोष्ट बाजूलाच राहिली असती — तिथंच त्या ओळीखाली लिहिलं असतं, ये म्हणून. आणि मग चौकोन कशाला मांडायचे? रविवारच्या एसटीनं कोण कशाला येणार? शुक्रवारी या घरात दोघी बहिणी बसल्या असत्या, आणि मी भिंतीपलीकडं कपबशांचा आवाज ऐकत.

हे सगळं माझ्या मनात शब्दांनी आलं नाही. पण आलं. मी नकळत केलं असं मी म्हणणार नाही.

अजून थोडे दिवस, असं मी ठरवलं. पुढच्या शुक्रवारी सांगू.

घरी आले. पल्लवीनं मला शिकवून ठेवलं होतं, कुणी घाण लिहिलं तर त्या ओळीवर बोट धरून ठेवायचं, मग पुसून टाकता येतं. मी ती ओळ पुसली. पल्लवीच्या नजरेला पडली असती तर तिनं आपांना विचारलं असतं ना.

आणि रविवारी तिला म्हणाले, दारासमोर शेवगा काढ. ती म्हणाली, "अगं, आधीच्या सगळ्या भागांत लिंब आहे. आता कसा बदलायचा?" मी म्हणाले, आपांना शेवगा हवाय. तिनं काढला. मी तसं का करायला लावलं? एवढं तरी खरं असावं असं वाटलं असेल. माझं मलाच बरं वाटावं म्हणून असेल. त्या बदललेल्या झाडाकडं बघून कुणाला काय वाटेल, ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं, कारण आता आपा विचारणार होत्या — कधी लिहिलं तिनं? आणि मग मी काय सांगणार होते?

थंडीत आपांचा दम वाढला. उशा लावून बसायच्या. मी भाग वाचायची — जत्रेचा एक, बैलगाडीचा एक, गोष्टीत नव्हतेच ते. त्यांनी एकदा मधेच मला थांबवलं.

"सुमन, हे मी लिवलंय व्हय गं?"

"चित्रात जरा वाढवावं लागतं, आपा."

"आसंल." उशी सावरत म्हणाल्या, "दार तेवढं वाढवू नको. ते लहानच हाय. ती सरकती, झालं."

मी त्या रविवारी पल्लवीला सांगणार होते, आता दाराकडं चल. खरंच सांगणार होते. त्याआधीच, गुरुवारी सकाळी, आपांच्या घरातून कपबशीचा आवाज आला नाही. मी आधी निमित्त शोधत बसले. मग गेले. त्या उशांना टेकून होत्या, मान एका बाजूला.

पुण्याहून मुलगा आला, सगळं व्यवस्थित केलं. मुमताजमावशीला कळवायचं का, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, नंबर कुणाकडं आहे? मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते. माझ्याकडं नंबर नव्हता. पण ती बाई कुठं वाचते, ते माहीत होतं. तिथं दोन ओळी लिहिता आल्या असत्या. लिहिल्या असत्या तर मुलानं, पल्लवीनं विचारलं असतं — हे कुणासाठी? तुला कसं माहीत? मी नाही लिहिल्या. मुलानं घराला कुलूप लावलं आणि तो गेला.

त्यानंतर मी गोष्ट भराभर संपवली. पल्लवीला नवल वाटलं. आजारपण एका शुक्रवारी, चष्मा एका शुक्रवारी, मग दार. शेवटच्या रविवारी चौकोन उंबऱ्यापासून मांडले, पण मी त्यांच्यावरून चालले नाही. पल्लवी म्हणाली, बघ ना चालून. मी म्हणाले, गुडघा दुखतोय.

थोरली सरकली. आत ये, म्हणाली. खाली लोकांनी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं.

मग पुढच्या आठवड्यात, दुपारची मी पिको करत होते, तेव्हा शेजारच्या दाराची कडी वाजली. कुलूप असलेल्या दाराची कडी कोण वाजवणार? बाहेर आले. बुरख्यातली एक म्हातारी बाई, तोंडावरचा पडदा वर टाकलेला, हातात स्टीलचा डबा. नाक अगदी आपांचं.

"जुबेदा कुठं गेली ओ?" तिनं विचारलं. "कुलूप का लावलंय?"

मी तिला आत बसवलं. पाणी दिलं. सांगितलं — म्हणजे गेल्या एवढंच सांगितलं. ती रडली नाही. डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. "गुलगुले करून आणले होते," म्हणाली. माझ्या मशीनकडं वळून बसली. मग बोलायला लागली, माझ्याशी की स्वतःशी कुणास ठाऊक.

"दोन्ही बारीला मला उशीरच झाला. अम्मीच्या बी, हिच्या बी."

मी तिचा पाण्याचा पेला परत भरला.

"नातवाच्या मोबाईलवरनं वाचत होते मी. एकदा खाली लिवलं बी होतं, शेवगा होता म्हणून. मग माझं लिवलेलं दिसंना. वाटलं, तिनंच पुसलं, अजून राग हाय. पण पुढल्या भागात बघते तर शेवगा उभा. मग मला काय समजंना. पुसायचं होतं तर झाड का बदललं? आन झाड बदललं तर मला एक शब्द का न्हाई?" तिनं डबा मांडीवर घट्ट धरला होता. "दर शुक्रवारी बघायची. नदीच नदी, गाडीच गाडी. वाटायचं, अजून मला भायेरच उभी करतीय ही. आत ये म्हणाली तवा निघाले बघा लगेच."

मग तिनं माझ्याकडं बघितलं, सरळ. "तिनं माझं वाचलं होतं का ओ?"

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? पण तुम्ही नव्हता तिथं. मी होते. एकदा खरं बोलायची वेळ माझ्यासमोर डबा घेऊन बसली होती. तिच्या बहिणीनं तिला एक दिवससुद्धा बाहेर उभं केलं नव्हतं, ते मी केलं होतं — एवढं ऐकण्यासाठी ती बाई एवढ्या लांबून आली होती असं समजा.

मी म्हणाले, "मला काही माहीत नाही. मोबाईलचं सगळं माझी भाची बघते."

तिनं मान हलवली. डबा माझ्या ताटात पालथा केला, रिकामा पिशवीत टाकला. जाताना शेजारच्या दारासमोर थांबली. कुलूप हातात धरलं, सोडलं. खाली वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो हात तोंडावरून फिरवला. मग स्टँडच्या दिशेनं गेली. मी तिचा नंबर मागितला नाही. मागितला असता तर कधीतरी लावावा लागला असता.

गुलगुले मी खाल्ले. टाकवले नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला देताना काय सांगायचं तेही सुचलं नाही. संध्याकाळी दोन, सकाळी उरलेले.

पल्लवीचं आता शेवटचं वर्ष आहे. ती दिवाळीला येते, संक्रांतीला येते. चांगली आहे पोरगी. तिनं नवी गोष्ट धरली नाही. मावशीच्या पायांशिवाय जमत नाही म्हणते.

ती चित्रकथा अजून मोबाईलवर आहे. मध्यंतरी कुणीतरी खाली लिहिलं, लिंबाचा शेवगा कसा झाला, चित्र काढणाऱ्याचं लक्ष कुठं होतं? त्याखाली पल्लवीनं उत्तर दिलंय, 'माझी चूक. सॉरी.' ते उत्तर मी वाचलं आहे. तिला मी काही बोलले नाही.

शुक्रवारी दुपारी मी ती उघडते. लिंब असलेल्या शेवटच्या भागापाशी येते. त्याच्याखाली लोकांच्या ओळी आहेत, एकाखाली एक, आणि मग पुढचा भाग, शेवग्याचा. रिकामं सोडलं की वाचणारा तिथं थांबतो, असं मीच पल्लवीला शिकवलं होतं. पण जिथं मुमताजची ओळ होती तिथं रिकामी जागासुद्धा राहिलेली नाही. वरच्या आणि खालच्या ओळी एकमेकींना येऊन चिकटल्या आहेत. अंगठा तिथून न अडखळता जातो.